बुद्धरत्नच्या हाताची ऊब

मी प्रयोगशाळेच्या लिफ्टमध्ये पाय टाकणार, तोच एका उंच मुलाने हात आडवा धरला. आत एकटी टाकी उभी होती, द्रव हेलियमची. गळती झाली तर आत श्वास घ्यायला हवा उरत नाही म्हणाला, आणि बटण दाबून मोकळा. मी तणतणत जिना चढू लागले, तर हा शेजारून चढतोय आणि वर हसतोय… मेला!

ती टाकी माझ्याच प्रयोगासाठी होती. हा बुद्धरत्न, चाकणच्या गॅस कंपनीचा, लहानपण पिंपरीत गेलेला. हेलियम भरून पातळी स्थिर होईपर्यंत तो थांबायचा, आणि मी आकडे टिपता टिपता त्याच्याशी भांडायची. त्याला सगळं समजून घ्यायचं असायचं. म्हणून मी सांगितलं – हेलियमने कमालीच्या थंड केलेल्या अतिशय पातळ थरात इलेक्ट्रॉन अडकवायचे, जोरदार चुंबक लावायचा, एका टोकाला किंचित ऊब द्यायची आणि आडव्या बाजूला व्होल्टेज येतं का बघायचं. तीन वर्षं काही येत नव्हतं. या खेपेलाही आलं नाही तर माझे मार्गदर्शक सर पीएचडीचा विषय बदलायला लावणार होते.

आणि त्या दुपारी आकडा चढला. मी आनंदाने त्याला चहा पाजायचं कबूल करून टाकलं. मग रीतीप्रमाणे चुंबकाची दिशा उलटी केली. आकडा खरा असेल तर अधिकचा उणे होतो. हा आकडा ढिम्म.

मी वळून पाहिलं. बुद्धरत्न तारांच्या जोडणीच्या डबीवर तळहात टेकून निवांत उभा होता. जोड एका बाजूने तापला की स्वतःच व्होल्टेज देतो, तेही अगदी हवं तेवढं.

“हात काढा,” मी म्हटलं.

“मी काय केलं?”

“काढा हो…”

आकडा हळूहळू उतरला. मला रडूच आलं. आणि खरं सांगायचं तर राग माझाच आला. तो आला की आकडा जरासा हलतो हे मला आधीही दिसलं होतं, पण ते दिवस मला इतके आवडायचे की तपासावंसंच वाटलं नाही.

मी त्याला फटकन सगळं सांगितलं. तो खुर्ची उचलून बाहेर गेला. दारातून एवढंच म्हणाला, “तुमचं खरं येऊ दे.”

मी डबी थर्माकोलात गुंडाळली, पुन्हा मोजलं. इवलासा आकडा आला. चुंबक उलटा केला… आणि तोही उलटला! सरांना फोन करायचा सोडून मी बाहेर धावले.

“आलं?” तो उठून उभा राहिला.

“आलं. लहान आहे, पण खरं आहे.”

“छान झालं.” त्याचा आवाज पडला. “म्हणजे आता हेलियम लागणार नाही.”

“नाही लागलं तरी या,” मी म्हटलं. “मला तुम्ही आवडता, बुद्धरत्न.”

तो बुटांकडे बघत हळूच म्हणाला, “मॅडम, इकडच्या खेपा माझ्या नसतातच. आमच्या कंपनीतल्या रंगरावांच्या असतात. पहिली सोडली तर बाकी सगळ्या मी त्यांच्याकडून मागून घेतल्यात.”

“आधी ते मॅडम बंद कर,” मी म्हटलं, आणि सरांचा फोन त्या दिवशी राहूनच गेला.