नागप्पाचा गोल

"नुस्ता ढोल बडवलाय लोकांनी! एवढा काय मोठा न्हवता तुमचा नागप्पा."

सेलूच्या ठेसनासमोरच्या दुकानात फुटाणे घ्यायला आलेला रेल्वेचा नवा मालबाबू असं बोलला आणि ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तराजू धरलेली उमादेवीही थबकली. कारण दुकान नागप्पाचं होतं, आणि ती नागप्पाची लेक.

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण कापसाच्या हंगामातली ती संध्याकाळ, केसांत जिनिंगचा उडालेला कापूस, पहाटेपासून उभं राहून पायांचे तुकडे पडलेले... तिला एकदम हसूच फुटलं. किती दिवसांनी!

"कामून हसायल्या?"

"माझे अप्पा हायेत ते."

मालबाबूचा चेहरा असा पडला, की बघवेना. "अगं आई... म्हंजी मला तसं —"

"ऱ्हाऊ द्या. कुणीतरी बोललं एकदाचं."

निजाम गेला, रझाकार गेले, निजामाचं हाली नाणंही गेलं. पण नागप्पाचा गोल काही गेला नाही बघा. परभणीच्या मैदानावर त्यानं पूर्ण्याच्या रेल्वे टीमला हॉकीत हरवलं, तेव्हा म्हणे चेंडू काठीला चिकटूनच बसला होता. समोर गोल दिसतोय, तरी गडी सोडेना. घोळवतोय, घोळवतोय... आणि मग असा मारला, की गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही! "ध्यानचंद कुणी पाह्यला? आमी नागप्पा पाह्यला," हे ओट्यावर रोजचंच. पुढे नागप्पाचे गुडघे गेले आणि दुकान उमाच्या गळ्यात आलं. तिला बघायला येणाऱ्या प्रत्येक पोराला म्हातारा एकच विचारायचा, "आमचा गोल कसा व्हता?" पोरं तोंड फाटेस्तोवर वाहवा करायची. पाहुणे पोहे खाऊन उठले, की म्हातारा म्हणायचा, "पोकळ हाय पोरगं." झालं! उमाकडे कुणी धड बघितलेलंही नसायचं. शिणली होती बिचारी, त्या गोलाला आणि पोह्यांनाही.

मालबाबूचं नाव चन्नप्पा. दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला आला आणि नको असलेला गूळ घेऊन गेला. मग रोजच यायला लागला.

"आज तरी गोल मोठा की न्हाई?" ती विचारायची.

"न्हाई."

"मग फुटाणे देऊ की नको?"

"द्या की. फुटाण्यांशी काय भांडण हाय आपलं?"

कधी ती अप्पांची बाजू घ्यायची, कधी मुद्दामच त्याची. मग तोही पलटी मारून नागप्पाचं कौतुक करायला लागायचा. दिवसभराचा शीण त्या घटकाभरात कुठं जायचा, तिला कळायचं नाही. गाडीची शिट्टी झाली, की तो उठायचा... आणि पुन्हा तिचे पाय ओढायला लागायचे.

एकदा ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. चन्नप्पा हळूच म्हणाला, "तो जागचा न हललेला गोलकीपर... आमचे अण्णा."

तराजूचं पारडं तिच्या हातातच राहिलं.

"डोळ्यांवर ऊन आलं व्हतं त्यांच्या. सांगायला गेले, की लोक दात काढायचे. शेवटी सांगायचंच सोडलं त्यांनी. आता हॉकीचं नाव निघालं, की उठून परसात जातात."

अगंबाई... एका गोलानं दोन घरं थकवली होती! उमानं पुडीत एक मूठ जास्तीची टाकली. पुडी देताना बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही ते लगेच काढलं नाही.

"मागणी घालू का?" त्यानं विचारलं.

"अप्पा गोलाचं इचारतील."

"मग?"

"लय भारी व्हता म्हना. एवढंच... माझ्यासाठी."

त्यानं पुडी ओट्यावर ठेवली. "तुमच्यासाठी कायबी म्हनीन हो. पण रातच्याला अण्णांसमोर जेवायला बसायचंय मला."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. इतक्या थकल्या आवाजात, की तिची तिलाच कीव आली.

चन्नप्पा यायचा बंद झाला. उमानं फुटाण्यांचं पोतं मागं सारलं, पुन्हा पुढं ओढलं. आणि सोमवारी तो आला. कपाळाला विभूती, अंगात धुतलेला सदरा. थेट ओट्यावर येऊन बसलेल्या नागप्पासमोर हात जोडून बसला.

"शरणार्थ, मामा. तुमची लेक मागायला आलोय."

म्हाताऱ्यानं त्याला खालीवर न्याहाळलं. "आमचा गोल कसा व्हता?"

उमानं डोळे मिटून घेतले.

"लोक म्हनतात तेवढा मोठा न्हवता. गोलकीपरच्या डोळ्यांवर ऊन व्हतं. मी त्यांचाच पोरगा."

संपलं, उमाला वाटलं. आता अप्पा काठी उचलतील.

पण नागप्पा हललाच नाही. मग हळूच म्हणाला, "ऊन व्हतं... अन् ते मला ठावं व्हतं रे. सूर्य लिंबाच्या झाडाखाली उतरून त्याच्या डोळ्यांवर यावा म्हून तर चेंडू घोळवत बसलो! अन् लोक म्हनतात, काठीला चिकटला. काठीला काय गूळ लावला व्हता?" त्यानं कपाळ चोळलं. "मीबी थकलो रे ती खोटी करामत ऐकून. एकानं उन्हाचं नाव काढलं न्हाई... हाय का तुजा बाप अजून?"

"हायेत."

"घिऊन ये त्याला. माज्या तोंडानं सांगतो, तुजी चूक न्हवती म्हून." मग म्हातारा लेकीकडे वळला. "उमे, तुजं काय म्हननं हाय?"

इतके पाहुणे येऊन गेले, पण तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मला ह्यांच्याशी भांडायचंय, अप्पा... रोज. जलमभर."

"मग आन तो तराजू हिकडं," नागप्पा म्हणाला. "अन् बस जरा."

उमा ओट्यावर टेकली, चन्नप्पाच्या शेजारी, मध्ये हातभर जागा सोडून. फुटाणे नागप्पानं तोलले.