थोरली दुपारी चालते

“ज्याला भीती वाटते त्याने खुशाल घरात बसावं!” कॅप्टन कुजबुजली आणि दाराची कडी हळूच सरकवू लागली.

कॅप्टन म्हणजे कोणी सैन्यातली नव्हे. नुकतीच आठवीत गेलेली मुलगी, पण शाळेच्या संघाची कॅप्टन होती आणि सुट्टीत मामाच्या गावी आल्यावरही ते विसरायला तयार नव्हती. तिच्या मागे उभा होता धाकटा भाऊ चष्मिश. आणि त्याच्या सदऱ्याला लोंबकळत होती मामाची मुलगी लिंबू. चेहरा कायम आंबट, म्हणून लिंबू!

“ताई, नको ना गं!” लिंबू रडकुंडीला आली. “कापणीच्या दिवसांत दुपारी बाहेर बघायचंसुद्धा नसतं. थोरली चालते!”

“कोण थोरली? तुझी मावशी?”

“गप गं! थट्टा नको तिची.”

खरं तर थट्टा करण्यासारखं काही नव्हतंच. दुपारची जेवणं झाली की हे सगळं गाव दारं-खिडक्या लावून घेई. मामा घोरत होता, मामी डोक्यावरून पदर घेऊन झोपली होती. एवढ्या उजेडात एवढी शांतता! कॅप्टनला ते पहिल्या दिवसापासून विचित्र वाटत होतं. तिने दार उघडलं, आणि पाऊल उचललं ते तसंच राहिलं.

उंबऱ्यात कोणीतरी बसलं होतं.

गव्हाच्या काडांची बाई होती ती, जुनं लुगडं गुंडाळलेली. केसांच्या जागी पिकल्या ओंब्या. चेहराच नव्हता, नुसता आवळून बांधलेला काडांचा गोळा, आणि तो नेमका दाराकडे वळलेला.

“अगंबाई!” लिंबू मटकन खालीच बसली. “आली! आमच्याकडे आली! आता आमचं शेत गेलं!”

रडत रडत तिने सगळं सांगितलं. इथे कापणी मिळूनच करत. आज याचं शेत, उद्या त्याचं. पण दरवर्षी थोरली कोणाच्या तरी दारी येऊन बसे. ज्याच्या दारी ती बसली, त्या घराचं शेत तिचं! कोणी कापायला जायचं नाही. पीक उभ्याउभ्या सडू द्यायचं, म्हणजे बाकीच्यांचं सुखरूप घरात येतं. आणि उद्या नेमकी मामाच्या शेताची पाळी होती.

“आणि ही चालत येते?” चष्मिशने चष्मा वर सरकवला. “पायांत चपला तर दिसत नाहीत.”

“दुपारी चालते. म्हणून तर कोणी बघायचं नाही.”

कॅप्टनने आत घोरणाऱ्या मामाकडे पाहिलं. महिनोन् महिने राबून तो काळवंडला होता. तिने एका झटक्यात ठरवलं.

“रडू नकोस. उचलू हिला, दुसरीकडे ठेवू. हाय काय अन् नाय काय!”

“कोणाकडे?”

“तूच सांग. गाव तुझं.”

लिंबूने नाक पुसलं. “ओढ्यापलीकडच्या काकूकडे ठेवू या. ती एकटीच असते. तिच्या बाजूने कोणी भांडायलासुद्धा येणार नाही.”

त्या वाक्याची लाज त्या वेळी तिघांपैकी एकालाही वाटली नाही! उलट मजा आली. एकाने पाय धरले, एकीने डोकं, ओढ्यातून छपछप करत तिघं पलीकडे गेली. काकूच्या पायरीवर बाहुली बसवली, लिंबूने तिला चक्क मुजरा केला, आणि हसू दाबत सगळी परत पळाली.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव मामाच्या शेतात उतरलं. विळे चालले, पेंढ्या पडल्या, गाणी झाली. गिरणीवाले आजोबा बांधावर उभे होते. कोणाची पाळी कधी ते हेच ठरवत, आणि यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नसे.

“थोरली यंदा ओढ्यापलीकडे गेली,” मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले. “काकूचं शेत आता तिचं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅप्टनने पाण्याची कळशी खाली ठेवून ओढ्यापलीकडे पाहिलं. तिथे पिवळ्याधमक शेतात एकच बाई वाकली होती. मूठभर कापायची, सरळ व्हायची, कंबर धरायची, पुन्हा वाकायची. एवढ्या मोठ्या शेतात एक विळा! आणि डोंगराकडून ढग भरून येत होते.

“मामा, काकूला मदत नाही करायची?”

मामाने तिच्याकडे पाहिलंच नाही. “तसं चालत नाही बाळा. पूर्वीपासून चालत आलंय हे.”

“पण मामा, ते सगळं पीक...”

“कळशी भर जा,” मामा एकदम खेकसला. एरवी तो कधी ओरडत नसे.

रात्रीच्या जेवणात मामीने आवडीची भाजी केली होती, पण कॅप्टनने ताट तसंच बाजूला सारलं. मामाचं धान्य खळ्यावर सुखरूप आलं होतं. त्यातला दाणान् दाणा तिला टोचत होता.

“हे आपण केलं,” अंथरुणावर पडल्यावर ती म्हणाली.

“मी सांगितलं म्हणून,” लिंबू पांघरुणातून हुंदके देत म्हणाली. “मला काकू आवडते गं. मी लहान असताना हरवले होते, तेव्हा तिनेच घरी आणलं होतं.”

“आणि हे तू आत्ता सांगतेस?”

“तेव्हा आठवलंच नाही! भीतीने काही आठवत नाही.”

चष्मिश उठून बसला. “ताई, काकूच्या दारी आपण ठेवली. मग आपल्या दारी कोणी ठेवली?”

तिघंही एकमेकांकडे पाहत राहिली. हा प्रश्न आधी कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता!

“उद्या जाऊन सरळ सांगून टाकू,” कॅप्टन म्हणाली.

“सांगू आणि मार खाऊ. पण मग ते म्हणतील, पोरांनी खोडी काढली, थोरली मुळात मामाचीच. नाव फक्त बदलेल, ताई. ती चालत नाही हेच दाखवायला हवं. मामी कपड्यांना नीळ घालते ना? कोरडी पूड काडांत चिमूटभर खुपसली तर कोणाला दिसणार नाही. पण हाताला लागली आणि वर पाणी पडलं, की...!”

“चष्मिश,” कॅप्टन म्हणाली, “चष्म्याच्या मागे मेंदूपण आहे हं तुझा!”

दुसऱ्या दुपारी दारं बंद झाली तशी तिघं ओढा ओलांडून गेली. काकू शेतात होती. पायरीवर बाहुली होती तश्शीच बसली होती. शेजारी मात्र कोणीतरी पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ठेवतात तसा. या पायरीवर आता कोण येणार होतं? कॅप्टनने त्या तांब्याकडे बघायचं टाळलं. शेतात जाऊन काकूला खरं सांगावं असं फार वाटलं, पण पाय काही तिकडे वळेनात. त्यापेक्षा बाहुली उचलणं सोपं होतं.

नीळ काडांत खुपसून त्यांनी ती थेट गिरणीवाल्या आजोबांच्या दारी बसवली आणि तिघं समोरच्या कडब्याच्या गंजीत शिरली.

“शिंक आली तर?” लिंबूने विचारलं.

“गिळून टाक!”

थोड्याच वेळात आजोबांचं दार किलकिलं झालं. मिशी बाहेर आली, मागून डोळे आले. बाहुली दिसताच आजोबा टुणकन मागे उडाले! मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या, बाहुली शालीत गुंडाळली, आणि गावाचे थोर आजोबा भिंतीच्या कडेकडेने चवड्यांवर चालत सुटले. दूधवाल्याच्या दारी त्यांनी बाहुली ठेवली आणि असे पळाले, असे पळाले, की लिंबूची शिंक हसू होऊनच बाहेर पडली.

“थोरलीला मिशा आहेत!” चष्मिश खुसखुसला.

पुढे दूधवाला बाहुली घेऊन बोळात शिरला, आणि मग गंजीतून काही दिसलं नाही. नुसती दारं वाजत होती. एक इथे, एक तिथे, हळूच उघडून हळूच बंद होणारी. भर दुपारी बंद खिडक्यांच्या त्या गावात बाहुली हातोहात फिरत होती आणि कोणी कोणाला बघत नव्हतं. आता मात्र तिघांना हसू येईना. चेहरा नसलेल्या त्या बाईपेक्षा त्या दारांचीच भीती वाटू लागली.

संध्याकाळी सगळं गाव खळ्यावर जेवायला जमलं. काकूला अर्थातच बोलावणं नव्हतं. आजोबा उभे राहिले.

“थोरली आज फिरून आली म्हणे, पण शेवटी तिने काकूचंच दार धरलं. तिची इच्छा! रात्री पाऊस येणार, तर येऊ दे. चला, हात धुऊन बसा.”

मधोमध मोठं घंगाळ भरून ठेवलं होतं. आजोबांनी आधी हात बुडवले, मग सवयीने ओल्या हाताने मिशी पुसली. दूधवाल्याने हात बुडवले. शिवणकाम करणारी मावशी, शाळेचे गुरुजी, एकामागून एक सगळे वाकले.

“हे काय? पाणी निळं कसं?” कोणीतरी ओरडलं.

“आजोबा, तुमची मिशी!”

एकच गोंधळ उडाला! कोणी हात पदरात लपवले, कोणी पाठीमागे. गुरुजींनी तर दोन्ही हात खिशात घातले आणि खिसेच निळे झाले.

कॅप्टन पाटावर चढली. “लपवू नका! नीळ आम्ही लावली होती, थोरलीच्या अंगात. ज्यांनी ज्यांनी तिला उचललं, त्यांचेच हात निळे झालेत. ती चालत नाही! तुम्ही सगळे तिला चालवता!”

कॅप्टनला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. तेवढ्यात तिची नजर मामीकडे गेली. मामी घंगाळाजवळ उभी होती आणि स्वतःच्या हातांकडे बघत होती. दोन्ही तळवे गर्द निळे होते.

“मामी, तू?”

“दार उघडलं तर समोर तीच!” मामी म्हणाली. “धान्य अजून खळ्यावर होतं गं. मला दुसरं दारच सुचलं नाही. मीच नेऊन ठेवली काकूकडे.”

मामाने मान खाली घातली. मोठ्या माणसांना अशी मान खाली घालताना कॅप्टनने कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहवतही नव्हतं.

शेवटी आजोबाच खाकरले. “पोरांनो, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. एवढंसं वय, पण केवढी अक्कल! शाब्बास!”

“शाब्बास, शाब्बास!” सगळे घाईघाईने म्हणाले. दुसरं काहीतरी बोलायला मिळालं म्हणून सुटल्यासारखे. कोणी पाठ थोपटली, कोणी लिंबूला कडेवर घेतलं. कॅप्टनचे हातही निळे होते, पण ते नीळ लावताना झालेले. कोणी तिला काही विचारणार नव्हतं. गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं.

“शाबासकी नका देऊ!” ती ओरडली, आणि तिला रडूच फुटलं. “पहिल्यांदा आम्हीच ठेवली काकूच्या दारी. मामाच्या दारातून उचलून. ती एकटी आहे म्हणून! आणि ठेवून हसलो आम्ही. मुजरा केला!”

“मुजरा मी केला,” लिंबू मामाच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मामाने भिंतीला टेकवलेला विळा उचलला. तो ओढ्याकडे निघाला. मामी निघाली, दूधवाला निघाला. आजोबांनी निळ्या मिशीवरून हात फिरवता फिरवता मध्येच थांबवला, आणि तेही निघाले. ताटं तशीच राहिली.

काकू अजून शेतातच होती. विळे घेऊन येणारं गाव पाहून ती दचकून उभी राहिली. बोटाला चिंधी बांधलेली होती. कॅप्टन पुढे झाली.

“काकू, ती बाहुली पहिल्यांदा आम्ही...”

“माहीत आहे,” काकू म्हणाली. “मी खिडकी लावत नाही गं. बघितलं मी तुम्हाला.”

कॅप्टनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग बोलला का नाहीत? दुसऱ्याच्या दारी का नाही ठेवली?”

“कोणाच्या ठेवू? सगळीकडे चुली आहेत, लेकरं आहेत. माझ्या दारी आली, माझ्याकडे राहिली.” काकूने गावाकडे पाहिलं, निळे हात पाहिले, आणि एवढंच म्हणाली, “तुम्ही मात्र हसत होतात. त्याचं वाईट वाटलं.”

“चुकलं, काकू,” कॅप्टन म्हणाली. मागून मामी म्हणाली. मग शेतभर तेच ऐकू येऊ लागलं.

“बाकीचं मागून बोला,” काकू म्हणाली. “आधी कापा. पाऊस थांबायचा नाही.”

कंदील लागले. विळे चालले. पहिले थेंब पडले तेव्हा शेवटची पेंढी काकूच्या पडवीत शिरत होती. थोरलीला काकूने चिमण्या हाकायला भाजीच्या वाफ्यात उभं केलं. “बसून बसून कंटाळली असेल,” ती म्हणाली, आणि त्यावर हसायचं की नाही, हे कोणाला ठरवता येईना.

सुट्टी संपली. गाडीपाशी निरोप द्यायला सगळे आले होते, काकूसुद्धा. आजोबांची मिशी अजून जरा निळसर होती. “हुशार पोरं हो!” ते प्रत्येकाला सांगत होते. कॅप्टनने हात पाठीमागे घेतले. कितीही साबण घासला तरी नखांच्या कडेची नीळ गेली नव्हती.

गाडी सुटली. मामीने हात हलवला. तळव्याच्या रेषांत अजून निळा रंग होता, आणि तिने तो लपवला नाही. मग कॅप्टननेही खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळण येईपर्यंत हलवत राहिली.