गोधडीखालचा माणूस

लीनियाला त्या गुरुवारी उशीर झाला, आणि उशिरा आलेल्या माणसाला बोलायची फार घाई असते.

चर्चच्या तळघराचा जिना ती धडधडत उतरली. केसांवरचं बर्फ झटकलं, बूट कोपऱ्यात भिरकावले, हातावर हात चोळले. आतमध्ये कॉफीचा वास दाटला होता. मोठ्या लाकडी चौकटीवर निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची गोधडी ताणलेली होती आणि तिची उरलेली बाजू पडद्यासारखी थेट जमिनीपर्यंत लोंबत होती. भोवती नेहमीच्या बायका बसल्या होत्या. सुया हातात, पण आज टाका कुणीच घालत नव्हतं. लीनियाच्या ते लक्षातच आलं नाही.

"कळलं का? हाल्वर बेकलुंडचा मुलगा आलाय! सोरेन. सकाळी पेट्रोल पंपावर बघितला मी."

अर्डिस खोकली. अर्डिस म्हणजे गोधड्या शिवणाऱ्या या गटाची म्होरकी. ऐंशीला टेकलेली, आणि कारणाशिवाय कधी न खोकणारी बाई.

"घर विकायला आलाय, दुसरं काय! बाप उन्हाळाभर इस्पितळात पडून होता, तेव्हा याला गाव सापडलं नाही. आता घराला गिऱ्हाईक शोधायचं म्हटल्यावर बरोबर सापडलं!"

"लिंबाची वडी घे गं," लव्हॉन ताट पुढे करत म्हणाली. तिचे डोळे विचित्र फिरत होते – खाली, वर, पुन्हा खाली.

"नको मला. बापाच्या अंत्यविधीला आला, तोही नंतर सगळ्यांबरोबर कॉफीला न थांबता पळाला. लाज वाटायला हवी माणसाला. आणि केस बघितलेत का त्याचे? कुरणातून आल्यासारखा दिसतो –"

"तो पाना देईल का कुणी?"

आवाज पुरुषाचा होता. आणि तो गोधडीखालून आला होता.

लीनियानं खाली बघितलं. पडद्याखालून एक हात बाहेर आला होता. उघडा तळवा, बोटांना लाकडाचा भुसा. पाना तिच्याच पायाशी पडला होता. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं तो उचलून त्या हातात ठेवला.

"थँक्यू, लीनिया."

नावासकट! खाली दोन-तीनदा करकर झाली, आणि मग सोरेन बेकलुंड सरपटत बाहेर आला. उंच, सडपातळ, खरोखरच कुरणातून आल्यासारखे केस. ही चौकट त्याच्या वडिलांनीच बनवली होती. पाय डगमगायला लागला की हाल्वरच येऊन घट्ट करून द्यायचा. आता अर्डिसनं मुलाला बोलावलं होतं.

"आता नाही हलणार," तो अर्डिसला म्हणाला. मग लीनियाकडे वळला. डोळे राखाडी... आणि रागाचा मागमूस नाही. "केसांचं मात्र खरं आहे तुझं."

एवढंच. फक्त केसांचं. बाकीच्याबद्दल एक अक्षर नाही. तो जिना चढून गेला, आणि लीनियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी खोकले होते," अर्डिस म्हणाली.

"मी ताट दिलं होतं," लव्हॉन म्हणाली.

लीनियाच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या दिवशी तिनं घातलेला प्रत्येक टाका वाकडा आला, आणि कुणी तिला उसवायलाही सांगितलं नाही.

गावात केस कापायचं दुकान एकच, आणि ते लीनियाचं. सगळ्या गावाच्या बातम्या तिच्या खुर्चीत बसूनच पुढे सरकायच्या. ऐकायचं, हसायचं, पुढच्याला सांगायचं – इतकी वर्षं यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आता आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी ती नजर खाली घालायची. कॅफेत जायची चोरी झाली. सोरेनची जुनी निळी गाडी रस्त्यात दिसली की ती उलट वळायची आणि गोठलेल्या तळ्याला वळसा घालून घरी जायची.

शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. तिनं मान वर केली, आणि हातातला कंगवा खाली पडला.

"केस कापायचेत," सोरेन म्हणाला. "तक्रार आली होती."

पळायला जागाच नव्हती. तो खुर्चीत बसला, तिनं त्याच्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं. मानेला तिची बोटं लागली तेव्हा तो किंचित दचकला.

"गार आहेत का?"

"बर्फासारखी."

"सॉरी."

"कशाबद्दल? बोटांबद्दल, की..."

आरशात दोघांची नजर एकमेकांत अडकली. "सगळ्याबद्दल. मी तसं बोलायला नको होतं, सोरेन. तू तिथे आहेस हे मला –"

"म्हणजे मी तिथे नसतो तर बोललेलं चाललं असतं?"

"नाही! म्हणजे... नाही. तेव्हाही नाही."

"मग ठीक आहे. कानांवर जरा कमीच काप. बाबांसारखे कान आहेत माझे, लपवायला काहीतरी हवं."

ती हसली. हसू आलं याचीच तिला लाज वाटली. कात्री चालायला लागली, आणि काचेपलीकडे बर्फ पडत राहिलं, अगदी सावकाश, भुरभुर.

"इस्पितळात बाबांची दाढी तूच करायचीस ना?" त्यानं विचारलं. "नर्स म्हणाली."

"हो. दर सोमवारी."

"काय बोलायचे?"

लीनियाचे हात थांबले. "हवामानाबद्दल... आणि तू कामात आहेस, म्हणायचे. मोठं काम आहे म्हणायचे तुझं शहरात."

सोरेन कापडावर पडलेल्या केसांकडे बघत राहिला.

"काम नव्हतंच," तो शेवटी म्हणाला. "वसंतातच नोकरी गेली होती. फोनवर खोटं बोललो बाबांशी. वाटलं, नवी लागली की ताठ मानेनं जाऊ घरी. रिकाम्या हातानं कसा जाऊ? मग आज नाही उद्या... आणि मग इस्पितळातून बाबा गेल्याचाच फोन आला." त्यानं आरशातून तिच्याकडे बघितलं. "तू बोललीस ते खोटं असतं ना, तर मी तिथेच भांडलो असतो. ते खरं होतं. म्हणून भांडता आलं नाही."

कचकन कात्री मिटली. दोघांनी एकदमच आरशात बघितलं. डाव्या कानाच्या वर कातडी दिसेल अशी खाच पडली होती.

"अरे देवा," लीनिया पुटपुटली. "अरे देवा, सोरेन..."

सोरेननं मान वळवून खाच नीट पाहिली. आणि मग तो हसायला लागला – खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसण्यातलं नक्की कधी रडणं झालं ते दोघांनाही कळलं नाही. लीनिया नुसती उभी राहिली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून. आयुष्यात पहिल्यांदाच तिला गप्प राहता आलं असावं.

पुढच्या गुरुवारी अर्डिसनं त्याला पुन्हा बोलावलं. "चौकट डगमगतेय."

"नाही डगमगत," सोरेन तपासून म्हणाला.

"मी म्हणते डगमगतेय. बस. ही सुई घे."

तो बसला – नेमक्या लीनियाशेजारच्या खुर्चीत, कारण बाकी सगळ्या खुर्च्यांवर बायकांनी आपापले कोट ठेवले होते. त्याचे टाके म्हणजे उंदराच्या उड्या. लीनिया गुपचूप उसवून पुन्हा घालायची.

"पुन्हा उसवलास?" तो कुजबुजायचा. "चांगला होता तो."

"चांगला? त्यातून मांजर जाईल आरपार."

"मग नीट शिकव ना. नुसतं उसवणं सोपं असतं."

आणि मग त्याची सुई धरलेली बोटं तिच्या बोटांत यायची... आणि समोर लव्हॉनला अचानक दोरा ओवायला फार वेळ लागायचा. असे काही गुरुवार गेले. लीनिया आता लवकर यायला लागली होती. तरीही मनात काहीतरी सलत होतं. ती सोरेनकडे बघायची, त्यानं बघितलं की मान फिरवायची. त्याला वाटायचं, लाजते. ती लाजतही होती, पण ते तेवढंच नव्हतं.

गोधडी पूर्ण झाली. गावात ज्या घरी मृत्यू होई, त्या घराला हा गट गोधडी द्यायचा. ही हाल्वरच्या घरासाठी होती. रविवारी प्रार्थना संपल्यावर अर्डिस उभी राहिली, सोरेनचं नाव घेतलं, आणि घडी केलेली गोधडी सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली.

सोरेन आधी लाल झाला, मग पांढरा. गोधडी त्यानं दोन्ही हातांवर धरली होती, दुसऱ्याचं मूल धरावं तशी.

"मला नको," तो म्हणाला. "माफ करा. हे... हे जो येतो त्याच्यासाठी असतं. मी आलो नव्हतो." त्यानं ती बाकावर ठेवली आणि तो मधल्या वाटेनं बाहेर निघून गेला. सगळं गाव बघत राहिलं.

अर्डिसनं गोधडी उचलून लीनियाच्या हातात कोंबली. "तुझं ते बोलणं अजून त्याच्या मानगुटीवर बसलंय. तूच जाऊन उतरव."

हाल्वरच्या घराच्या पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं. सोरेननं दार उघडलं, पण तो बाजूला झाला नाही. लीनिया उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मी समजूत काढायला नाही आले," ती म्हणाली. "मला काहीतरी सांगायचंय. सांगितल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस कदाचित... तरी सांगते. तुझा नंबर माझ्याकडे होता."

"म्हणजे?"

"हाल्वरनी दिला होता. इस्पितळात गेल्या गेल्याच. म्हणाले, सोरेनला फोन कर, ये म्हणावं. मी फोन काढला तर म्हणाले, आज नको. आज मी फार वाईट दिसतो. पोरानं मला असं बघू नये. पुढच्या सोमवारी, दाढी झाली की कर. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच – आज नको, जरा बरा दिसू दे. मी ऐकत गेले. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं, म्हटलं. मला दिसत होतं रे, ते बरे दिसणार नाहीत. तरी मी बाहेर येऊन तुला फोन केला नाही." तिच्या पापण्यांवर बर्फ होतं, ते वितळून गालावर आलं. "ते गेले, आणि मला कुणावर तरी रागवायचं होतं. स्वतःवर रागवणं जड जात होतं. तू सोपा होतास. म्हणून त्या दिवशी तसं बोलले. तुझ्याबद्दल बोललेच नाही मी... माझ्याबद्दल बोलले, नाव तुझं घातलं."

सोरेन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"त्यांना मी हवा होतो?" त्यानं विचारलं.

"दर सोमवारी."

"आणि तू..." त्यानं गोधडी तिच्या हातांतून घेतली. हळूच घेतली. "आता जा, लीनिया. प्लीज."

दार लागलं.

तो गुरुवारी आला नाही. त्यापुढच्याही नाही. नवी गोधडी चौकटीवर चढली. शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, आणि कुणी तिच्यावर कोट ठेवला नाही. लीनियानं बायकांना सगळं सांगून टाकलं – फोनचं, हाल्वरचं, सगळं. लव्हॉन रडली. अर्डिस म्हणाली, "मीही होते की गावात. मीही नाही केला फोन," आणि बराच वेळ सुई कापडात रुतवून बसली.

मग एका सकाळी लीनिया दुकानापुढचं बर्फ फावड्यानं बाजूला करत होती. समोर कॅफे. शनिवार असल्यामुळे काचेमागे अर्धं गाव नाश्त्याला बसलेलं. निळी गाडी येऊन थांबली आणि सोरेन उतरला. तिनं फावडं छातीशी धरलं. या वेळी ती कुठेच वळली नाही.

"मला फार राग आला होता तुझा," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"बाबांचा आला. माझा स्वतःचा तर होताच. रोज उठायचं आणि आज कुणावर रागवायचं ते ठरवायचं." तो थांबला. श्वासाची वाफ दोघांच्या मध्ये तरंगत होती. "मग राग दमला. आणि घरात फार शांत झालं... आणि मला वाटायला लागलं, तू येऊन काहीतरी बोलावंस. काहीही. माझ्या केसांबद्दल वाईट बोललीस तरी चालेल."

"सोरेन..."

"थांब, पूर्ण बोलू दे. सगळ्या गावात मला खरं सांगणारी तू एकटीच निघालीस. आधी चुकून, मग मुद्दाम दारात येऊन. तू समोर असलीस की मला माझी लाज वाटते. पण तू नसलीस की... त्याहून वाईट काहीतरी वाटतं. त्याला काय म्हणतात ते मला सांगता येत नाही."

"सांगून बघ ना," लीनिया हळूच म्हणाली.

"इथे? सगळे बघतायत."

तिनं वळून बघितलं. कॅफेच्या काचेमागे चेहरेच चेहरे होते. लव्हॉन उभी राहून बघत होती, हातात घास तसाच. कढत रक्त लीनियाच्या मानेवरून कानांपर्यंत चढलं. नेहमीची ती असती तर एव्हाना आत पळाली असती.

"बघू देत," ती म्हणाली. "मग मीच आधी सांगते. मला तू आवडतोस. तुझे टाके भयंकर आहेत, आणि मी खूप वाईट वागले, आणि मला तू आवडतोस. घर विकून जाणार असशील तर जा... पण हे ऐकून जा."

"घर विकत नाहीये मी," सोरेन म्हणाला. त्याचेही कान लाल झाले होते, आणि ते लपवायला आता केस नव्हते. "तेच सांगायला आलो होतो. तेच, आणि... तू म्हणालीस तेच. मलाही."

तिनं फावडं भिंतीला टेकवलं. हातमोजा काढला आणि आपला गार, उघडा हात पुढे केला. त्यानं तो घेतला. कॅफेचं दार उघडून कुणीतरी शीळ घातली. दोघंही पार लाजले, दोघांनाही कुठे बघावं कळेना, पण हात काही कुणी सोडला नाही. रस्ता ओलांडून ते तसेच कॅफेकडे निघाले, सगळ्यांच्या नजरांसमोरून.