खारवण्याचं लाटघर

ते साल होतं २०४३. देशाने मिळकतीपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, हे कलम राज्यघटनेत येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते पाळायचं काम माणसांवर सोपवलं नव्हतं. दिल्लीतलं तोलयंत्र तासातासाला देशाची जमा मोजी आणि ती घसरली की कुठला तरी खर्च आपणहून थांबवी. कुणाची सही लागत नसे.

कोकणातल्या खारवणे बंदरावर एक लाटघर होतं. खोल समुद्रात तरंगणारा लाटमापक पाण्याची हालचाल कळवी, आणि लाटघर काळा बावटा चढवून होड्यांना परत बोलावी. मनोरमा खवणेकर तिथल्या प्रमुख. दुपारी डबे उघडले की त्यांचा आणि यंत्रं सांभाळणाऱ्या फिदेलिसचा वाद ठरलेला. बांगड्याच्या तिखल्याचा वास आणि तो वाद. फार चांगले दिवस होते ते.

"आपली बिलं नातवंडांनी का भरायची?" मनोरमाबाई विचारत. कलमासाठी त्या घरोघर फिरल्या होत्या. "माझ्या आईने सात माणसांचं घर चालवलं, उसनवारी न करता."

"आणि आवशीकच ताप इलो तर? पगार होयसर औषध नाय, बाय?"

"तू जेव मुकाट्याने."

मार्चमध्ये इतर कचेऱ्या उरलेले पैसे संपवायला खुर्च्या घेत. उत्तरेकडच्या लाटघरात माणसं तीन आणि खुर्च्या एकोणीस. मनोरमाबाई मात्र उरलेली रक्कम दर वर्षी अभिमानाने परत पाठवत.

नोव्हेंबरच्या एका सकाळी देशाची जमा घसरली. कमी पैशांत कुणाचं भागतं, याची यादी तोलयंत्राने काढली. खारवण्याचं नाव पहिलं. लाटमापकाचा खर्च बंद झाला आणि पडद्यावरचे लाटांचे आकडे थांबले.

"दर्या फुगलोसो दिसता," फिदेलिस खिडकीतून म्हणाला. "बावटो चढवूया. हरेश्वर भायर आसा."

हरेश्वर मनोरमाबाईंचा धाकटा भाऊ.

"मापाशिवाय इशारा द्यायचा नाही, नियम आहे. मी सवलत मागते."

यंत्राने नम्रपणे कळवलं, सवलतीला संसदेची दोन-तृतीयांश मतं लागतात. माझ्या पगारातून भरते, असं त्यांनी लिहिलं. यंत्राने आभार मानले. देणगी पुढच्या तिमाहीत जमा होणार होती.

"एकोणीस खुर्च्यांका फोन कर मगे," फिदेलिस म्हणाला.

तिकडचा मापक चालू होता, पण वादळ दक्षिणेकडून येत होतं.

अडीच तासांनी मनोरमाबाईंनी स्वतः दोर ओढून काळा बावटा चढवला. चार होड्या परतल्या. हरेश्वरची पाचवी आली नाही.

फिदेलिस पुढच्या वर्षी निवृत्त होऊन लेकीकडे गोव्याला गेला. नाताळात तो नेवऱ्या पाठवी, चिठ्ठीत मात्र त्या दिवसाविषयी कधी काही नसे. हरेश्वरची बायको कुंदा बाजारात मासळी विकायला बसू लागली. नणंदेशी बोलायला तिला सहा वर्षं लागली.

मनोरमाबाईंना संसदेच्या समितीने बोलावलं. कलम रद्द करा म्हणतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "कर्ज नकोच, हे मी आजही म्हणते. फक्त काही थांबवण्याआधी यंत्राने विचारावं, तिथे कुणी पाण्यात आहे का?"

समितीने ते मान्य केलं. पुढे दहा वर्षांनी मनोरमाबाई गेल्या.

तोलयंत्र आता प्रत्येक वेळी तो प्रश्न विचारतं. गावागावांतून, कचेऱ्याकचेऱ्यांतून दिवसाला लाखो उत्तरं येतात, आणि सगळ्यांत एकच शब्द असतो: आहे. त्यातलं कुठलं खरं मानायचं, हे यंत्राला अजून कुणी शिकवलेलं नाही. शिकवणार तरी कोण?