ओडीलच्या बटा

हसू नका, आधी ऐका. झेली त्या सकाळी वरच्या मजल्यावर गेली ती नुसती इस्त्री मागायला. वर थोरली जाऊ राहायची, होनोरीन. दुसऱ्या दिवशी मारियामातेची मिरवणूक होती, अन् आपल्या लेकीच्या, इर्माच्या, पांढऱ्या झग्याला इस्त्री करायची होती, बास.

पण पोटात काय जळत होतं ते विचारा! मिरवणुकीत निशाणाची निळी फीत धरून पुढं चालायचा मान एकाच पोरीला. मठातल्या सिस्टर तोंडानं काही म्हणोत, निवडायच्या केस बघूनच. दोन वर्षं तो मान होनोरीनच्या ओडीलला. काय त्या बटा! मधाच्या रंगाच्या, पीळदार, चालली की खांद्यावर नाचायच्या. हिवाळ्यात घशाच्या दुखण्यानं ओडील गेली, तरी बाया झेलीच्या इर्माला बघून म्हणायच्याच, "गोड आहे हो, पण ओडीलची सर नाही."

मेलेल्या पोरीचा हेवा! झेलीला लाज वाटायची, पण हेवा काही हटायचा नाही.

इर्माचे केस म्हणजे भिजलेलं गवत. कागदात गुंडाळून निजवलं, तर सकाळी पुन्हा सरळसोट. तापल्या चिमट्यानं पिळले, तर घरभर जळका वास. साखरपाणी लावलं, तर माश्या चर्चपर्यंत पोचवायला आल्या. नवरा म्हणाला, "झाली की गं पोरीची मिरवणूक सुरू!"

तर, वरचं दार उघडं होतं.

"जाऊबाई...?"

कुणी नाही. पडदे ओढलेले. सुकलेल्या फुलांचा, मेणाचा वास. टेबलावर ओडीलच्या बटा. गेलेल्या लेकराचे केस काचेखाली ठेवायचे, ही तिकडची घरोघरची रीत. पण त्या दिवशी काच काढून बाजूला ठेवली होती.

झेलीनं हात लावला. बटा कोमट होत्या... उन्हानं असतील, असं तिनं मनाला सांगितलं. पडदे ओढलेले होते, हे तिला नंतर आठवलं.

इस्त्री राहिली तिथंच. बटा पदराआड... म्हणजे शालीआड हो, पदर कुठला त्या परमुलखात!

दुसऱ्या सकाळी पांढऱ्या रिबिनीखाली त्या बटा इर्माच्या डोक्याला टाचल्या. होनोरीन दुखवट्यात, घराबाहेर पडत नव्हती, मग भीती कसली? सिस्टरांनी बघितलं अन् फीत थेट इर्माच्या हातात दिली. झेलीचा आनंद गगनात मावेना. तेवढ्यात मागची म्हातारी बोलली, "अगदी ओडील गं बाई!"

झेलीनं दात आवळले. मग पोरीकडं नीट बघितलं. इर्मा मान झटकून उजवी बट मागं टाकत होती. ही लकब इर्माची नव्हती...

घरी आल्यावर ती पोरीला म्हणाली, "ये, काढून टाकू हे."

टाचण्या निघाल्या. बटा निघेनात. झेलीनं बोटानं भांग पाडला. बटा डोक्याच्या कातडीतून उगवलेल्या होत्या... अन् इर्माचे सरळ केस मुठीमुठीनं गळून मांडीवर पडत होते.

तिनं घाबरून बट ओढली. पोर कळवळली.

"काकू, दुखतंय ना... आई कुठाय माझी?"

"अगं, मी... मीच तुझी..."

"तू काकू आहेस."

दारात होनोरीन उभी होती. काळा झगा, चेहरा शांत. पोर धावत जाऊन तिला बिलगली.

"जाऊबाई... माझी पोर..."

"हिवाळाभर तू तुझ्या इर्माला कुशीत घेऊन अंगाई म्हणायचीस, झेली," होनोरीन हळूच म्हणाली, "अन् मी वर ऐकत पडायची. आता तू ऐक."

गावाचं काय, गाव म्हणतं इर्माला थोरल्या काकूचा लळा लागला.

संध्याकाळ झाली की अजून वरून दोघींचं खिदळणं येतं. झेली जिन्याखाली कान लावून बसते. वर राहणाऱ्या दोघीच... अन् हसतातही दोघीच.

मग वर हुंदके देतंय कोण?