पहिला घाव

यावोरच्या बाल्कनीला त्याच्या वडिलांनी काचा बसवून घेतल्या होत्या, त्यामुळे तिची एक चिंचोळी खोली झाली होती. एका भिंतीशी भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, दुसऱ्या भिंतीशी सर्व्हर. रूसे शहरातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून तो घरी यायचा, हातावरचं ग्रीस धुवायचा, पावाला चटणी फासायचा आणि बेटावर काय चाललंय ते बघत बसायचा. नऊ वर्षं हाच क्रम. मधे कधीतरी बायको कंटाळून सोफियाला निघून गेली, पण क्रम मोडला नाही.

बेट म्हणजे त्याच्या सर्व्हरवर चालणारा ऑनलाइन खेळ. किनाऱ्यावर उघड्या अंगाने जाग येते, लाकूड तोडायचं, झोपडी बांधायची आणि जमलं तर दुसऱ्याची लुटायची. खेळ बंद करून माणूस जेवायला उठला, तरी बेटावर त्याचं शरीर तिथेच पडून राहतं, झोपलेलं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यावोर सगळं पुसून टाकी आणि नवं बेट सुरू होई.

नवख्यांसाठीचा नियम त्यानेच लिहिला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. नव्या माणसाच्या डोक्याला सात दिवस पांढरा रुमाल. रुमाल असेतो त्याला कुणाचं शस्त्र लागत नाही. मात्र त्याने स्वतः कुणावर पहिला घाव घातला, तर रुमाल गळून पडतो. दुसऱ्या सर्व्हरांवर नवखा तासभरही टिकत नसे. यावोरकडे न्याय आहे, असं लोक म्हणत.

त्या न्यायाला भोकही यावोरनेच पाडलं होतं. पहिल्याच वर्षी, गंमत म्हणून. नवख्याच्या हातात चांगली कुऱ्हाड द्यायची, "चल, लाकूड तोडायला शिकवतो" म्हणायचं, आणि त्याने झाडावर कुऱ्हाड उगारली की नेमकं मधे जाऊन उभं राहायचं. कुऱ्हाड लागली की पहिला घाव त्याचा. सापही मरतो आणि काठीही तुटत नाही. यावोरने हे दोनदा केलं आणि सोडून दिलं. त्याचा शाळासोबती गालिन याने मात्र त्याचा धंदाच मांडला. गालिनचं शहरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बेटावर टेकडीवरचा किल्ला होता, आणि हाताखाली तीस माणसं.

ऑगस्टमध्ये तिहो नावाचा एक नवखा आला. त्याने किनाऱ्याजवळ झोपडी बांधली आणि आत दोन खाटा टाकल्या. वार्नाला राहणारी बहीण रविवारी खेळायला येणार आहे, असं तो ज्याला त्याला सांगत होता. शनिवारी दुपारी गालिनने त्याला कुऱ्हाड दिली. संध्याकाळपर्यंत तिहो अकरा वेळा मेला आणि झोपडीची राख झाली.

त्याने यावोरला लिहिलं, "दादा, मी मारलं नाही. तोच मधे आला. एकदा नीट बघा ना."

यावोरने बघितलं. सर्व्हरवर प्रत्येक घावाची नोंद राहते. गालिन मधे सरकताना स्वच्छ दिसत होता. पण गालिनला शिक्षा केली असती तर तो तीस माणसं घेऊन निघून गेला असता आणि बेट ओस पडलं असतं. शिवाय यावोरच्या घरी जेवायला येणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

"कुऱ्हाड तुझी होती," त्याने उत्तर दिलं. "नियम तो नियम."

"ठीक आहे. झोपतो मी," तिहोने लिहिलं. पुन्हा तो आला नाही. यावोरला लाज वाटली. दोन दिवस वाटली.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी नवं बेट सुरू झालं, आणि किनाऱ्यावर तिहो झोपलेला होता. डोक्याला रुमाल. खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. यावोरने त्याला पुसून टाकलं. चहा करून परत आला तर तिहो पुन्हा तिथेच.

ऑक्टोबरात तसे एकोणीस जण झाले. नोव्हेंबरात यावोरने शंभरावर मोजणं सोडून दिलं. नावं मात्र सगळी ओळखीची होती. नऊ वर्षांत ज्यांनी ज्यांनी "नीट बघा ना" म्हणून लिहिलं होतं, ते सगळे एका रांगेत झोपलेले, डोकी टेकडीकडे. रोज सकाळी रांग थोडी वर सरकलेली असे. सरकताना कुणालाच दिसली नाही. मारायला जावं तर तलवारी लागत नव्हत्या, कारण सात दिवस उलटून गेले तरी प्रत्येकाच्या डोक्याला रुमाल होता.

एका रविवारी सकाळी गालिन राकियाची बाटली घेऊन बाल्कनीत येऊन बसला.

"याव्या, तुझ्या या मढ्यांचं काय करायचं ते बोल."

"मढी नाहीत. झोपलेत ते."

"मग उठव की! पार किल्ल्याच्या दारात येऊन पडलेत. माझी निम्मी माणसं पळाली. म्हणतात, घोरणं ऐकू येतं."

"या खेळात घोरण्याचा आवाजच नाहीये, गालिन."

"तेच तर म्हणतोय मी." गालिन हसला आणि घाईघाईने पेला रिकामा केला.

यावोरने चटणीची एक बरणी उघडून त्याच्यापुढे सरकवली. "मी नियमच बदलतो," तो म्हणाला. "मधे येईल त्याचा दोष. एका ओळीचं काम आहे. त्यांची माफीही मागून टाकू."

"माफी? कुणाची, नवख्यांची? अरे, आपण नव्हतो का मार खाल्ला नवे असताना? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" गालिन पुढे वाकला. "साधा उपाय आहे. एकेकाच्या हातात कुऱ्हाड देतो. उगारली की रुमाल खाली. मग बघतोच एकेकाला."

"झोपलेल्याच्या हातात?"

"कुऱ्हाड हातात आली की माणूस उगारतोच. तूच शिकवलंस ना, गुरुजी?"

यावोर नाही म्हणू शकला असता. त्याने गालिनचा पेला पुन्हा भरला.

गालिनने तिथूनच खेळ उघडला आणि उरलेल्या माणसांना कामाला लावलं. कुऱ्हाडी वाटून झाल्या. दांडा तळव्यात ठेवला की बोटं आपोआप मिटत होती.

गालिनची माणसं त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. पाऊण तास. कुणीही कुऱ्हाड उगारली नाही.

गालिनची बायको मिल्का हिचा जेवायला या म्हणून फोन आला. दोघेही उठले. भरलेल्या मिरच्या चांगल्या झाल्या होत्या. यावोरला त्या गेल्या नाहीत.

चार वाजता परत येऊन त्याने बघितलं. रांगेतलं कुणीच टेकडीवर नव्हतं. किल्ला जसाच्या तसा होता.

टेकडीभोवतीचं रान तेवढं नव्हतं. गुडघाभर उंचीचे बुंधे, सगळे ताजे.

नोंदींत एकही घाव नव्हता.

मंगळवारी सकाळी मिल्काचा फोन आला तेव्हा यावोर एका इमारतीत पाचव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या छतावर उभा होता.

"भावजी, हे उठतच नाहीयेत हो. डॉक्टर येऊन गेले. म्हणतात नाडी ठीक, सगळं ठीक, नुसती झोप आहे. अशी कुठे झोप असते का?"

तो तसाच गालिनच्या घरी गेला. गालिन खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. श्वास संथ, चेहरा शांत. यावोरने हाका मारल्या, खांदे गदागदा हलवले, तोंडावर पाणी मारलं. मिल्का दारात उभी राहून रडत होती.

"हात बघा त्यांचे," ती म्हणाली.

गालिनच्या हाताला स्क्रूड्रायव्हरहून जड काही माहीत नव्हतं. दोन्ही तळव्यांवर टपोरे फोड आले होते. काही फुटले होते. नखांत लाकडाची साल होती.

समोरच्या पडद्यावर खेळ चालूच होता. किनाऱ्यावर एकटा गालिन झोपलेला, डोकं टेकडीकडे. डोक्याला रुमाल नव्हता.

कोपऱ्यात यावोरला पाठवलेला निरोप दिसत होता. त्याच सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटं.

"यावोर, मी मारलं नाही रे. तेच मधे आले. एकदा नीट बघ ना."

खाली उत्तर होतं. नाव यावोरचं. वेळ नऊ बारा. त्या वेळी तो लिफ्टच्या छतावर होता, दोन्ही हात ग्रीसने माखलेले.

"कुऱ्हाड तुझी होती. नियम तो नियम."

आणि त्याखाली गालिनचं:

"ठीक आहे. झोपतो मी."