वीणेचा पहारा

“अहो, वीणा खाली नका ठेवू!”

मी दचकून वळले. काष्टी गावच्या मंदिरात हरिनाम सप्ताह चालला होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, तासातासाला विणेकरी बदलतो. दहा ते अकराचा पहारा मी मोठ्या हौसेनं घेतला होता... आणि अकरा वाजत आले तरी पुढच्या पहाऱ्याच्या रंगुबाईंचा पत्ता नाही! अकराला माझी ऑनलाइन मुलाखत — ताऱ्यांवर संशोधन करायची एकुलती एक संधी.

“द्या इकडं,” तो म्हणाला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा अंगद. नखांत अजून ग्रीस.

वीणा त्याच्या गळ्यात घातली. रिवाजाप्रमाणे दोघंही एकमेकांच्या पाया पडायला वाकलो, अन् डोक्यावर डोकं!

“जा, जा,” तो कपाळ चोळत हसला. “मी उभा हाय.”

रेंज फक्त मंडपाच्या कडेच्या खांबाजवळ. तिथूनच मोबाईलवर बोलू लागले. सरांनी विचारलं, “अपूर्वा, सूर्यासारख्या ताऱ्यांवरून वारा सुटतो, तो चुंबकत्वामुळे कसा? सोप्या भाषेत सांगा.”

समीकरणं सगळी आठवली. शब्द एकही नाही.

समोर अंगदनं तार छेडली. तारेत खोवलेलं तुळशीचं पान थरथरलं... आणि उडालं. पांडुरंगा!

“सर, चुंबकीय रेषा वीणेच्या तारांसारख्या. ताऱ्याचा पृष्ठभाग उकळतो, रेषा थरथरतात. ती थरथर वर जाते, वायूला तापवते, ढकलते. वळून ताऱ्यातच शिरणाऱ्या रेषांत वायू अडकतो. आकाशात मोकळ्या सुटलेल्या रेषांवरून वारा होऊन निघतो.”

सर म्हणाले, “सुरेख! जुलैत रुजू व्हा. आणि... मागे टाळ वाजतायत का?”

मी धावतच आले. “झाली निवड!”

“व्हय? लई भारी! पन त्या वाऱ्यानं ताऱ्याचं काय हुतं?”

“वारा त्याची गिरकी हळूहळू काढून घेतो. तरुणपणी गरगरतो, वय झालं की शांत.”

“मी बी गरगरतोय सध्या.”

“कधीपासून?”

“डोकं आपटल्यापासून.”

मी लाजून इकडेतिकडे बघितलं. “रंगुबाई अजून नाही आल्या?”

“आल्या की मगाशी. म्हनलं, ज्यांच्याकडनं घेतली, त्यांनाच देनार.”

“आणि जुलैत मी गेल्यावर?”

“म्होरल्या सप्त्याला दहाचा पहारा माझा. अकराचा तुमी घ्या.”

“मला यायला उशीर झाला तर?”

त्यानं हलकेच तार छेडली. “वीणा खाली ठेवायची नसती, म्याडम. उभा राहीन.”

मी हात पुढे केले. या वेळी वाकताना दोघंही जपून वाकलो... तरी टक्कर झालीच.